मदत हवी आहे: सॅटेलाइटच्या बॅटरीची लाइफ टेस्ट लवकर कशी उरकायची?

नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजच्या छोट्या सॅटेलाइटसाठी १८६५० साइजचे लिथियम आयन सेल घेतलेत, त्यांची लाइफ टेस्ट लावायचीय. ५०० किमीवर एक फेरी साधारण ९५ मिनिटांची, त्यातली ३५ पृथ्वीच्या सावलीत (तेव्हा बॅटरी वापरायची, उन्हात परत चार्ज करायची), म्हणजे वर्षाला साडेपाच हजार चार्ज-डिस्चार्ज सायकल, आणि एवढं थांबायला वेळच नाहीये. खऱ्या वापरात दर सायकलला पूर्ण कपॅसिटीच्या २० टक्केच डिस्चार्ज करणारोत. करंट वाढवून टेस्ट उरकावी तर सेल तापतो, मग झीज सायकलमुळे झाली की उष्णतेने तेच कळत नाही, शिवाय नुसतं वय वाढून होणारी झीज त्यात धड दिसतच नाही. ४० टक्के डिस्चार्जवर टेस्ट घेतली तर तो निकाल २० ला कसा लावायचा? बॅटरी टेस्टिंगमधलं कुणी असेल तर प्लीज सांगा, आणि मधेमधे पूर्ण कपॅसिटी किती सायकलनंतर मोजता तेही.