मदत हवी आहे : आगळाच्या बॅटरीवर दिवा टिकत नाही

मंडळी, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे श्रीवर्धन भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. मेणबत्त्या संपल्या, दुकानं बंद. तेव्हापासून डोक्यात आहे की घरातल्या भंगारातून निदान एक दिवा पेटेल एवढी बॅटरी करता यायला हवी.

उडालेल्या जस्ती पत्र्याच्या पट्ट्या, जुन्या वायरिंगची तांब्याची तार आणि पाच काचेच्या वाट्यांत कोकमाचं आगळ (म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस; आंबट आणि खारट दोन्ही, आयतंच!). एका वाटीला ०.८ व्होल्ट, पाच ओळीने जोडल्या की मीटरवर ४ च्या आसपास. पण पांढरा एलईडी लावला की व्होल्टेज कोसळतं आणि पाचेक मिनिटांत नुसता काजवा उरतो. लाल एलईडी जरा बरा चालतो, त्याला २ व्होल्टही पुरतात.

तांब्यावर बुडबुडे चिकटलेले दिसतात, तार हलवली की उजेड क्षणभर वाढतो. म्हणजे त्या बुडबुड्यांतला हायड्रोजनच आडवा येतोय ना? संपलेल्या साध्या सेलमधली काळी पूड, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, कापडात बांधून कार्बनच्या कांडीभोवती लावली तर फरक पडेल का? (अल्कलाइन सेल फोडणार नाही, त्यातलं द्रव्य कातडी भाजतं.) की सरळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मिठाचं पाणी आणि करवंटीच्या कोळशाची भुकटी घेऊ? त्यात भुकटीला तार पक्की कशी बसवता?

मोबाइल चार्जिंगची आशा नाही, त्याला ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर तरी हवा. रात्री पायाखालचं दिसलं तरी पुरे. कोणी स्वतः करून पाहिलंय का?