'फुटली' की 'पाझरते'? मेंदूतल्या रक्तवाहिनीसाठी योग्य क्रियापद कोणतं?

विचारणा (निपाणी)

मावशीच्या मेंदूत गाठ (ट्यूमर) निघाली. बेळगावात डॉक्टरांनी फिल्म दाखवून मामेभावाला कन्नडमध्ये सांगितलं, 'तडेगोडे ओडेदिदे.' त्यानं घरी फोन केला, 'डोक्यातली नस फुटलीय.' त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की रक्तस्राव झालाच नव्हता. डॉक्टर 'ब्लड-ब्रेन बॅरिअर'बद्दल, म्हणजे रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणाऱ्या अडथळ्याबद्दल बोलत होते. तडेगोडे म्हणजे अडवणारी भिंत, आणि 'ओडे' म्हणजे फुटणे, मोडणे. शब्दाला शब्द लावला तर मामेभावाचं फारसं चुकलं नाही, पण अर्थ पार बदलला. पुस्तकी मराठीत 'रक्त-मेंदू अडथळा' आणि 'पार्यता (आरपार जाऊ देण्याचा गुण) वाढणे' सापडतं. भूगोलात पार्य-अपार्य खडक शिकलो, तोच हा शब्द. पण मावशीसमोर 'पार्यता' म्हणून काय उपयोग? घरात बोलता येईल असं क्रियापद हवंय.

उत्तर (बेळगाव, मेंदूशस्त्रक्रिया वॉर्डातली परिचारिका)

तुमच्यासारखी घाबरलेली माणसं मी रोज बघते. आधी 'अडथळा' म्हणजे काय ते सांगते. मेंदूभोवती वेगळी भिंत नसते. रक्तवाहिनीचं अस्तर हाच अडथळा. शरीरात इतर बऱ्याच ठिकाणी केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. मेंदूत मात्र त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात, आणि बाहेरून तारकापेशींचे (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचे) पाय त्यांना वेढून बसतात. या वाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर सुमारे 600 किलोमीटर भरतील, म्हणजे बेळगावहून निघून बेंगळूरूच्याही पुढे.

गाठ वाढते तसा तिला रक्तपुरवठा कमी पडतो. मग ती 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन सोडते. त्यानं नव्या, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात (इथे 'फुटणे' बरोबर, पालवी फुटते तसं) आणि त्यांची शिवण सैल राहते. शब्दचर्चेत सांगण्यासारखं म्हणजे, 1983 मध्ये हे प्रथिन सापडलं तेव्हा त्याचं नावच 'वाहिन्यांची पार्यता वाढवणारा घटक' अशा अर्थाचं होतं. वाढीवरून पडलेलं आजचं नाव 1989 चं. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं त्या सैल शिवणीतून मेंदूत उतरतात, मेंदू सुजतो. डोकेदुखी, उलट्या बहुतेकदा त्या सुजेमुळे.

उत्तर (खानापूर)

आमच्याकडे कुंभारकाम जुनं, म्हणून तिथलाच शब्द सुचवतो : पाझरणे. कौल गळतं, कारण त्याला भोक किंवा तडा असतो. पाणी मातीत झिरपतं, वरून खाली. पण माठ पाझरतो : कुठेही न फुटता, अंगभर. झिलई दिलेली लोणच्याची बरणी पाझरत नाही. मेंदूतली वाहिनी म्हणजे ही बरणी, आणि गाठीनं घाईघाईत घडवलेली वाहिनी म्हणजे झिलईशिवाय उरलेला माठ. फक्त 'पाझर फुटला' म्हणू नका, त्यात पुन्हा तुमचं 'फुटणे' घरात शिरेल. कन्नडमध्ये सांगायचं तर 'ओडे'ऐवजी 'जिनुगु' म्हणा. 'सोरु' नको, ते छप्पर गळण्याचं.

उत्तर (कोगनोळी)

पाझरणे मान्य. बरणी मात्र पटत नाही. बरणी काहीच आत-बाहेर जाऊ देत नाही, मेंदूला तर क्षणोक्षणी साखर लागते. हा अडथळा म्हणजे नाका आहे. 2021 मध्ये, कोविडच्या काळात, आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद बघून गाडी सोडत, तसं ग्लुकोजला वाहक प्रथिनं हात धरून आत नेतात. 'निवडक्षम पारपटल' हा शाळेतला शब्द इथे जवळचा. गाठीपाशी नाक्यावरची निवड सुटते, म्हणून 'अडथळा'पेक्षा मी 'पहारा' म्हणेन. पहारा ढिला पडला.

उत्तर (बेळगाव, परिचारिका)

'पहारा ढिला' फार चांगलं. पण कुठे ढिला, तेही सांगायला हवं. एमआरआयच्या आधी शिरेतून गॅडोलिनियम (फिल्मवर उठून दिसणारं द्रव्य) देतात. ते धड वाहिनीतून मेंदूत जात नाही, पाझरत्या जागी जातं आणि फिल्मवर तेवढा भाग पांढरा उजळतो. ग्लायोब्लास्टोमासारख्या गाठीत मुख्य गाठीचा बराच भाग असा उजळतो, पण गाठीच्या पेशी कडेच्या मेंदूत दूरवर पसरलेल्या असतात आणि तिथला पहारा बराचसा शाबूत असतो. बरीच औषधं तिथेच अडतात. 'अडथळा तुटला' ऐकून नातेवाईक विचारतात, मग औषध सगळीकडे पोचेल ना? मला दर वेळी 'नाही' म्हणावं लागतं. उलट बाजूही बघा, काही संथ वाढणाऱ्या गाठी उजळतच नाहीत. म्हणून पूर्ण वाक्य सांगा : 'गाठीपाशी वाहिन्या पाझरतायत.' 'गाठीपाशी' गाळू नका.

निपाणी

काल मावशीला हेच वाक्य सांगितलं. तिनं विचारलं, 'पाझर थांबतो का रे?' डेक्सामेथासोन सुरू आहे, त्यानं पाझर आणि सूज कमी होते, डोकेदुखीही उतरलीय. गाठ त्या गोळीनं जात नाही, हे मी तिला त्याच बैठकीत सांगितलं. मामेभाऊ शेजारीच होता. संध्याकाळी घरी फोन त्यानंच केला.