मदत हवी आहे: ओठातलं फिलर वर सरकलंय, विरघळवू का थांबू? (परभणी / संभाजीनगर)

स्कार्फवाली

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. घरात विचारायची सोय नाही.

वय 31, परभणीत नोकरी. वरचा ओठ मुळातच बारीक, हसले की गायब व्हायचा. दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका ब्युटी क्लिनिकमध्ये फिलर (ओठ भरीव दिसावा म्हणून टोचतात ते जेल) भरून घेतलं, 1 मिली. आवडलं. सहा महिन्यांनी ते म्हणाले, उतरलंय, टचअप करू. परत 1 मिली. गेल्या दिवाळीत आणखी अर्धा. (एवढं झालं हे आत्ता लिहितानाच कळायलंय.)

आता ओठ काही भरलेला दिसत नाही, ओठाच्या वरची कातडी फुगलीय. ओठाची रेघ पुसून गेली. समोरून चालून जातं, पण बाजूनं बघितलं की नाकाखाली छज्जा काढल्यासारखं दिसायलंय. दुपारच्या उन्हात तर मिशीसारखी सावली पडते. दुखत नाही, लाल नाही, हाताला मऊ गादीसारखं लागतं. सकाळ-संध्याकाळ सारखंच.

सासूबाईंनी दोनदा विचारलं, "गांधीलमाशी चावली का गं?" स्कूटीवर तोंडाला स्कार्फ आपल्याकडं सगळ्याच पोरी बांधतात. मी मात्र आता ऑफिसात पोचल्यावरही तो लवकर सोडत नाही.

क्लिनिकला फोन केला तर म्हणे खालच्या ओठात अर्धा मिली भरू, बॅलन्स होईल. यूट्यूबवर एक बाई म्हणते बोटानं दाबून खाली ढकला. आठवडाभर ढकललं, ढिम्म हललं नाही.

हे आपोआप जिरेल का? विरघळवायचं इंजेक्शन असतं म्हणे, त्यात माझा मूळचा ओठही विरघळेल का? आणि जावं कुणाकडं? "कशाला केलं" हे कृपया लिहू नका, ते मी रोज आरशात विचारते.

तुरीचं_वरण

बर्फानं शेकून बघा ताई. माझ्या बहिणीची सूज दोन दिवसांत उतरली होती.

लातूरचा_त्वचावाला

त्वचारोगतज्ज्ञ आहे. बोट लावून बघितल्याशिवाय निदान सांगत नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन फिलर सरकल्याचंच वाटतं. बर्फ सुजेवर चालतो. इंजेक्शननंतरची सूज दोन-तीन दिवस जास्त असते आणि साधारण दोन आठवड्यांत बसते. तुमची दिवाळीपासून तशीच आहे, म्हणजे ही सूज नाही. ताप येऊन गेल्यावर किंवा दाताचं काम झाल्यावर फिलरची जागा अधूनमधून सुजते, तो प्रकार वेगळा; ती कमीजास्त होते.

सरकतं कशामुळं? ओठाभोवती गोल स्नायू असतो. बोलताना, चहा फुंकताना, शिट्टी वाजवताना तोच काम करतो, दिवसभर दाबत राहतो. बारीक ओठात जागा किती? 1 मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. तुम्ही अडीच घातलेत. पोतं भरलं की धान्य शिवणीतून बाहेर येणारच. सुई रेघेच्या वर किंवा फार उथळ गेली तरी हेच होतं. शिवाय "सहा महिन्यांत उतरतं" हे अर्धंच खरं. एमआरआयमध्ये हे जेल कित्येक वर्षांनीही सापडलेलं आहे. आधीचं आतच असतं, त्यावर पुन्हा भरलं जातं.

म्हणून खालच्या ओठात भरू नका. बॅलन्स वगैरे काही होत नाही, बिल होतं. आणि ढकलणं आजपासून बंद.

आपोआप जिरेल, पण कधी ते सांगता येत नाही. फार खुपत नसेल तर काहीच न करता थांबणं हाही मार्ग आहे. घालवायचंच असेल तर हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचतात, ते हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवतं. परिणाम एक-दोन दिवसांत दिसतो, कधी दोन बैठका लागतात. पुन्हा भरायचं असेल तर मधे किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे. मूळचा ओठ राहतो. एन्झाइम शरीरातलं हायलुरॉनिक अ‍ॅसिडही थोडं तोडतं, पण शरीर ते रोज नवं बनवतं. मात्र ताणलेली कातडी काही दिवस सैल, सुरकुतलेली दिसेल. तेव्हा घाबरून पुन्हा भरायला धावू नका.

तीन गोष्टी सांगा. एक, टोचलं होतं ते नक्की काय? हायलुरॉनिक अ‍ॅसिड असेल तरच एन्झाइम चालतं. सिलिकॉन असेल तर काही उपयोग नाही. दोन, सासूबाईंचा प्रश्न मीही विचारतो: खरंच कधी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून अंगभर सूज, धाप, चक्कर असं झालंय का? त्यांच्या विषातही हेच एन्झाइम असतं. तीन, दिवस गेलेत का किंवा बाळ अंगावर पितं का?

इतरांसाठी: फिलर घेतल्यावर लगेच किंवा काही तासांत ओठ पांढराफटक किंवा जांभळट पडला, असह्य दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर धागा काढत बसू नका. रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते, त्याच तासाला डॉक्टर गाठा.

दाढदुखी

दंतवैद्य, नांदेड. या एन्झाइमचं नाव ऐकून घाबरू नका. गुटख्यानं तोंड उघडेनासं झालेले पेशंट आमच्याकडं रोज येतात (बंदी 2012 पासून आहे, टपरीवाल्याला कुणी कळवलेलं दिसत नाही), त्यांच्या गालात आम्ही हेच टोचतो. औषध ओळखीचं आहे, पण ओठात किती आणि कुठं, हे फिलरचा हात असलेल्यानंच करावं. एमडी स्किन किंवा प्लास्टिक सर्जन बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. क्लिनिक परवडत नसेल तर संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्याच्या त्वचा ओपीडीत निदान दाखवून तरी या.

स्कार्फवाली

खूप आभार. दिवस गेलेले नाहीत. लहानपणी शेतात आग्यामोहोळ उठलं होतं तेव्हा चार-पाच चावल्या, सूज चावली तिथंच आली. बिलावर नुसतं "लिप सर्व्हिस" लिहिलंय. फोनवर नाव सांगेनात, मग नवऱ्याला सांगावंच लागलं, तो जाऊन उभा राहिला. दोनदाचे सिरिंजचे स्टिकर फाइलला चिकटवलेले निघाले, हायलुरॉनिक अ‍ॅसिडच आहे. पहिल्या वेळचा नाही.

लातूरचा_त्वचावाला

फाइलचा फोटो काढून ठेवा. पहिल्याचा पत्ता नसल्यानं टोचण्याआधी अल्ट्रासाउंड होतं का तेही विचारा, जेल कुठं आणि किती ते दिसतं. मधमाशीचं त्यांना सांगाच, आधी हातावर थोडं टोचून वीस-तीस मिनिटं बघतील.

स्कार्फवाली

अपडेट. तपोवन एक्सप्रेसनं जाऊन दुसऱ्या डॉक्टरांकडं करून आले, आज अकरावा दिवस. टोचताना चांगलंच झोंबलं, फिलरपेक्षा जास्त. दोन दिवस ओठ वडापावाएवढा. मग उतरत गेला. रेघ परत दिसायलीय. डावीकडं साफ, उजवीकडं वाटाण्याएवढी गाठ राहिलीय, त्यासाठी पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. ओठ पहिल्यासारखा बारीक, शिवाय जरा चुरगळलेला. सासूबाई म्हणाल्या, "उतरली बघ सूज, मी म्हणतच होते हळद लाव."

एकच विचारायचं राहिलं. दुसऱ्या बैठकीनंतर दोनच दिवसांनी मामेबहिणीचं लग्न आहे जिंतूरला. लिपस्टिक चालेल का?

लातूरचा_त्वचावाला

सुईची भोकं बुजली असतील तर चालेल. बैठकच लग्नानंतर ठेवता आली तर बघा, नाहीतर फोटोत वडापाव येईल.