पुरातून काढलेली जनावरं : पुढचे तीन दिवस (अनुभव धागा)

पाणी ओसरलं की मदतीला माणसं धावतात, आणि वाचलेलं जनावर बऱ्याचदा त्या घाईनेच दगावतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृती, प्रमाण आणि काय बिघडतं तेवढं लिहा. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी नकोत.

दावणकरी
पाणी चढतंय आणि गोठा हलवता येत नाही, तर आधी दावी कापा. सुटं जनावर पोहून उंचवटा गाठू शकतं, बांधलेलं जागीच बुडतं. पाण्यातून नेताना दोर वेसणीला लावाल तर नाक फाटेल, गळ्यात सरकफास टाकाल तर श्वास कोंडेल. मोरकी (तोंडाभोवती बांधायचा दोर) घाला आणि तोंड पाण्यावर राहील इतकंच धरा. एका दोराला दोन जनावरं कधीच बांधू नका. एकाचा पाय घसरला की दुसरंही जातं.

वैरणवाला
खरा घोळ चाऱ्याचा. उपाशी गाईपुढे धान्य, पेंड, शिजवलेलं अन्न असं जे मिळेल ते ओततात. उपासाने तिच्या पोटातले जिवाणू मंदावलेले असतात. एकदम धान्य गेलं की आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, जनावर बसतं ते उठतच नाही. पहिले दोन दिवस फक्त वाळलेलं गवत, थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा. तिसऱ्या दिवशी खुराक (पेंड-धान्य) अर्धा किलो, मग आठवडाभरात हळूहळू नेहमीवर. मोठ्या गाईला रोज 40 ते 60 लिटर पाणी लागतं, पण फार तहानलेलीला बादलीभर पाजून थांबा, थोड्या वेळाने पुन्हा द्या.

भिजलेली चाऱ्याची गंजी वरून सुकलेली दिसते. कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागली किंवा कुबट वास आला तर फेकून द्या. उन्हात वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही.

सुईदोरा
वरच्याला पुरवणी. घटसर्प, फऱ्या (जनावरांचे जीवघेणे पावसाळी रोग) यांची लस पुरानंतर टोचली तरी अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून ती पावसाळ्याआधीच हवी. ताप 104 फॅरनहाइटच्या वर, गळ्याला सूज आणि घरघर दिसली तर सकाळची वाट पाहू नका, हातात काही तासच असतात.

अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय घ्या. कातडी सोलू नका, फाडू नका. हवा लागली की जंतूंचे बीजाणू बनतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकतात. पशुवैद्यांना कळवा. पुरायचंच ठरलं तर विहिरी-ओढ्यापासून लांब, निदान सहा फूट खोल.

भाटी
छपरावरचं मांजर कडेवर घेऊन पाण्यात उतरू नका, ते तोंडावर चढतं. वरून टॉवेल टाका, चारही बाजूंनी गोळा करून उशीच्या अभ्र्यात घाला. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचीड-औषध मांजराला लावाल तर झटके येऊन मरेल. हे दरवेळी सांगावं लागतं!

गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड अंगात आतडी चालत नाहीत, पाजलेलं दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकू शकेल.

चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, मग दवाखाना. रेबीजची लस आधी झालेली असली तरी परत डोस लागतात.

नवखा
दोर कोणता घ्यावा?

दावणकरी
अंगठ्याएवढा जाड. बारीक नायलॉन कातडीत रुततो. आणि कमरेला धारदार विळा असू द्या, ताण बसलेली ओली गाठ हाताने सुटत नाही.