मदत हवी आहे : लेकाचा कुठला प्रश्न विचारातून आलाय आणि कुठला भीतीतून, हे कसं ओळखू?

नमस्कार. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा ११ वर्षांचा. ऑटिझमचं निदान सातव्या वर्षी झालं. गेले आठ महिने तो शाळेत गेलेला नाही. लोक म्हणतात ‘जात नाही’. मी म्हणते ‘जाऊ शकत नाही’, आणि हा फरक मी सोडणार नाही. सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळीच पोटात दुखायला लागायचं, सकाळी उलटी, दप्तर उचललं की हात गार. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. दुखणं मात्र खरं होतं. वर्गातला गोंगाट त्याला सहन होत नव्हता, आणि एकदा भर वर्गात त्याचा अपमान झाला. तपशिलात जात नाही. समुपदेशक आहेत, त्यांचं काम सावकाश चाललंय.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या विशेष शिक्षिकेने तत्त्वज्ञानाच्या शिकवणीबद्दल सांगितलं. शब्द ऐकून मी घाबरलेच होते, पण प्रकार वेगळा निघाला. तीस मिनिटांचा ऑनलाइन तास, एका वेळी एकच मूल. गृहपाठ नाही, परीक्षा नाही. प्रश्न मुलानेच आणायचा. कॅमेरा बंद चालेल, बोलण्याऐवजी टाइप केलेलं चालेल, नुसतं ऐकत बसलेलंही चालेल. मध्येच उठून जायचं असेल तर कारण विचारत नाहीत.

पहिले दोन तास तो टेबलाखाली बसून होता. सरांनी त्याला काहीही विचारलं नाही. पडद्यावर दोन वाक्यं ठेवली, ‘एकटं असणं आणि एकटं वाटणं एकच’ आणि ‘ही दोन वेगळी आहेत’, आणि गप्प राहिले. किती वेळ गप्प! दाराबाहेर माझाच जीव वरखाली होत होता. मग कीबोर्डचा आवाज आला. त्याने लिहिलं होतं, ‘मोजायचं कसं ते आधी सांगा.’

घड्याळं म्हणजे त्याचा जीव की प्राण. उघडायची, जोडायची, पुन्हा उघडायची. तिसऱ्या तासाला त्याने घड्याळच आणलं. काटे, काच, तबकडी, आतलं यंत्र, सगळं एकेक करून बदललं तर ते तेच घड्याळ का? आणि काढून ठेवलेल्या जुन्या भागांचं पुन्हा घड्याळ जोडलं, तर ते कोणतं? मला नागसेन आणि मिलिंद राजाचा संवाद आठवला. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, मग रथ आहे कुठे? ते सांगायला मी दार उघडणारच होते, पण थांबले. पुढची वीस मिनिटं तो बोलला. टाइप नाही केलं, तोंडाने बोलला. घरी बसल्यापासून बाहेरच्या माणसाशी तो एवढं कधी बोलला नव्हता.

आता अडचण सांगते.

दोन आठवड्यांपूर्वीच्या तासाला प्रश्न असा होता : बंद पडलेल्या घड्याळात दहा वाजलेले बघून मी ‘दहा वाजले’ म्हणालो, आणि योगायोगाने खरोखरच दहा वाजले होते. मग मला वेळ माहीत होती का? तास छान रंगला. पण रात्री दिवा मालवल्यावर अंधारात तो म्हणाला, “आई, मला वाटतं की शाळेत गेलो तर काहीतरी वाईट होणार. समज, झालं. मग मला ते आधी माहीत होतं, की बंद घड्याळासारखं नुसतं जुळलं?”

मी त्याला जवळ घेतलं, उत्तर काही सुचलं नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रश्न, तिसऱ्या रात्रीही. चौथ्या रात्री पुढे जोडलं, “वाईट नाही ना होणार? नक्की?” तेव्हापासून रोज तेच चाललंय. मी ‘नाही होणार’ म्हटलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग परत विचारतो.

मी गोंधळले आहे. एका बाजूला हा माझ्या मुलाचा सगळ्यात सुंदर विचार आहे. दुसऱ्या बाजूला वाटतं, या शिकवणीने त्याच्या काळजीच्या हातात नवीन अवजार तर दिलं नाही ना? शिकवणी थांबवू का? तासाच्या वेळी मी खोलीत असावं की नको? घरातली मोठी माणसं म्हणतात, एवढा आवडतो तर तासभर शाळेत गेलास तरच सरांचा तास मिळेल असं सांग. मला हे मनापासून पटत नाही, पण माझ्याकडे त्याला उत्तर नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी अशा मुलांबरोबर काम करते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. पहिल्या रात्रीचा प्रश्न आणि चौथ्या रात्रीचा प्रश्न पुन्हा शेजारी ठेवून वाचा. पहिल्या रात्री त्याला कळून घ्यायचं होतं, चौथ्या रात्री त्याला हमी हवी होती.

विचारातून आलेला प्रश्न हलतो. उद्या त्याला नवीन उदाहरण फुटतं, मूल ‘पण समजा’ म्हणतं, उलटं उत्तर आलं तर त्याला मजा वाटते, आणि उत्तर अर्धवट राहिलं तरी ते झोपू शकतं. भीतीतून आलेला प्रश्न जागच्या जागी फिरतो. तेच शब्द, तीच वेळ, उत्तरही एकच चालतं. दिलासा मिनिटभर टिकतो, आणि पुढच्या वेळी आणखी पक्की हमी लागते. शरीराकडेही बघा. माझ्या अनुभवात आवाज, श्वास, हात हे शब्दांच्या आधी सांगतात. हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, तुमच्या मुलाचं तुम्हालाच माहीत.

एकच प्रश्न दोन्ही असू शकतो, म्हणून शिकवणी थांबवायची घाई करू नका. काळजीला शिकवणीची गरज नसते, ती मिळेल ते अवजार उचलते. पण रोजची ‘नाही होणार’ची हमी मात्र हळूहळू कमी करायला हवी, कारण प्रत्येक हमीबरोबर मेंदू शिकतो की हमीशिवाय निभणार नाही. हे एका रात्रीत आणि एकट्याने करू नका. समुपदेशकांशी बोलून एक वाक्य ठरवा, ते मुलालाही आधी, दिवसाउजेडी सांगा. उदाहरणार्थ, ‘हा प्रश्न आत्ता काळजी विचारतेय असं वाटतं. मी इथेच आहे, उत्तर मात्र देणार नाही.’ मूळचा प्रश्न वहीत लिहून सरांच्या तासासाठी राखून ठेवा. त्याला जागा आहे हे मुलाला कळलं पाहिजे.

सरांनाही हे सगळं सांगा. ते उपचार करणारे नाहीत, आणि चांगला शिक्षक ही मर्यादा स्वतःच ओळखतो. मृत्यूबद्दल मुलं विचारतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ‘मी नसतो तर बरं’ अशा दिशेने बोलणं गेलं तर ती चर्चा तिथल्या तिथे थांबवून लगेच डॉक्टर. यात सवलत नाही.

प्रतिसाद २

बंद घड्याळाचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४८ साली नेमकं हेच उदाहरण दिलं होतं, आपण मानलेलं खरं निघालं म्हणजे ते आपल्याला माहीत होतं असं नव्हे हे दाखवायला. तुमचा मुलगा स्वतःच्या घड्याळांतून तिथे पोचला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, तुम्हाला शिक्षक पारखताना उपयोग होईल. ही पद्धत मॅथ्यू लिपमन या अमेरिकन प्राध्यापकाची. कोलंबिया विद्यापीठात शिकवताना त्यांना वाटलं, नीट विचार करायला कॉलेजात शिकवणं म्हणजे उशीर झाला. १९७४ साली त्यांनी माँटक्लेअर स्टेट इथे मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली. रीत साधी : गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनी काढायचे, कुठल्या प्रश्नावर बोलायचं ते मुलांनीच ठरवायचं. पण ही रीत गटासाठी होती. वर्गात एक मूल ‘मला नाही पटत’ म्हणतं आणि विचार पुढे सरकतो. एकट्या मुलाच्या शिकवणीत समोर मोठा माणूस एकच, त्याचं मत जड होतं. म्हणून सर स्वतःचं मत किती वेळा देतात ते बघा. ‘कोणी असंही म्हणेल की...’ अशी विरुद्ध बाजू आणून ठेवतात आणि बाजूला होतात का?

आणि अपेक्षा बेताची ठेवा. २०१५ साली इंग्लंडमधल्या ४८ शाळांच्या अभ्यासात वाचन-गणितात थोडी वाढ दिसली होती, पुढे २०२१ साली आलेल्या जवळपास २०० शाळांच्या अभ्यासात ती दिसली नाही. शिवाय तो सगळा साध्या वर्गांचा हिशेब आहे, शाळेची धास्ती घेतलेल्या मुलांचा नाही. मार्क वाढतील किंवा शाळा सुरू होईल म्हणून हे करू नका. तो वीस मिनिटं बोलला, हे कारण पुरेसं आहे.

प्रतिसाद ३

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, डिस्लेक्सिया, आणि मध्ये दीड वर्ष घरी होती. बक्षिसाबद्दल तेवढं कळकळीने लिहितो, कारण ती चूक मी केली आहे.

तिचीही अशीच शिकवणी होती. मी अट घातली, आधी शाळेच्या फाटकापर्यंत चल, मग तास. दोनदा आली. तिसऱ्या वेळी म्हणाली, “बाबा, मला आता तास पण नको.” जिथे तिच्याकडून कोणी काही मागत नव्हतं अशी एकच जागा होती, तिथे मी मागणी नेऊन ठेवली. ती परत बसायला पाच महिने गेले. शाळेकडे जायच्या पायऱ्या समुपदेशकांबरोबर वेगळ्या ठरवा, जरूर ठरवा, फार लांबवूही नका, कारण टाळणं जितकं लांबतं तितकं परतणं अवघड होतं. पण हा तास त्या व्यवहारात आणू नका.

दुसरं, ‘मुलाच्या कलाने’ असं सगळेच म्हणतात. आमचे आधीचे शिक्षक प्रश्न तिला निवडायला लावायचे आणि पाच मिनिटांत स्वतःच्या ठरलेल्या मुद्द्यावर आणायचे. तिने ते तिसऱ्या तासाला ओळखलं. ज्या मुलांना आयुष्यभर वळवलं गेलंय, त्यांना वळवणं लगेच कळतं. तुमचे सर गप्प राहू शकतात, हे वाचून मला ते आवडले.

खोलीत बसण्याबद्दल : आम्ही दार उघडं ठेवायचो, मी ऐकू येईल इतक्या अंतरावर. ऑनलाइन अनोळखी माणूस असताना एवढं हवंच, आणि ते मुलीला माहीत होतं. तास संपल्यावर ‘आज काय बोललात’ मात्र विचारायचो नाही.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ‘दिवसाउजेडी सांगा’ हे मला सुचलंच नसतं. मी नेहमी रात्रीच समजवायला जायचे.

प्रतिसाद ३ मधले दादा, तुमचं वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. अटीचा विषय बंद झाला.

समुपदेशकांशी बोलून कळवते.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं. वाक्य ठरवलं, त्याला सकाळी सांगितलं. त्याने त्यातला ‘उत्तर मात्र देणार नाही’ हा भाग बदलून घेतला : ‘उत्तर आत्ता देणार नाही.’ आम्ही मान्य केलं. पहिले चार दिवस फार कठीण गेले, तो रडला, मीही. आता रोज नाही विचारत, आठवड्यात दोनदा वगैरे.

वहीतला प्रश्न तासाला गेला. सरांनी उत्तर दिलं नाही, विचारलं की घड्याळ बंद आहे की चालू हे कसं ओळखतोस? तो म्हणाला, थोडा वेळ बघत राहावं लागतं. मग बराच वेळ शांतता. मग लिहिलं, ‘माझं पोट कधी बंद असतं, कधी चालू. त्या दिवशी वर्गात चालू होतं.’

त्या दिवशीचं पोट खरं सांगत होतं, हे त्याला आम्ही कोणीच कधी म्हटलं नव्हतं. सगळे ‘घाबरण्यासारखं काही नाही’ एवढंच म्हणत राहिलो. मी त्याची माफी मागितली.

आता पुढच्या आठवड्यात शाळेबरोबर बैठक आहे. तो येणार नाही, पण त्याने तीन प्रश्न लिहून दिलेत. एक, मला त्रास होतोय हे मी न बोलता कसं कळवायचं? दोन, कळवल्यावर वर्गाबाहेर पडायला कोणाची परवानगी लागेल? तिसरा असा : ‘मला माणसं कळत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला मी कळतो का?’ तिसरा वाचू की नको? शाळेला राग आला तर पहिले दोन वाया जातील अशी भीती वाटते.

प्रतिसाद १

ताई, तिसरा प्रश्न उद्धट नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली हेच मांडलं, की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. वाचायचा का, कोणी वाचायचा, कधी, हे त्यालाच विचारा. त्याला हरकत नसेल तर पहिल्या दोनांची उत्तरं लेखी मिळाल्यावर तिसरा वाचा. आणि ते जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून घरी न्या. त्याला सारांश चालणार नाही.