सिंगापूर ते न्यूयॉर्क नक्की किती तास?

प्रश्न:
आई पहिल्यांदाच एकटी एवढा लांबचा प्रवास करणारे, चांगी ते जेएफके डायरेक्ट. नेटवर अंतर 15,300 किमीच्या वर दाखवतायत, विमानाचा स्पीड 900 धरला तर 17 तास होतात, पण बुकिंगवर साडेअठरा तासांच्या पुढे लिहिलंय आणि तिकिटावरच्या सुटायच्या-पोचायच्या वेळा बघितल्या तर मधे जेमतेम साडेसहा तास दिसतात. खरं काय धरू? आईला नीट सांगता आलं पाहिजे, ती सारखी विचारतेय.

उत्तर 1:
साडेअठराच धरा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या 12 तास मागे, हिवाळ्यात 13, म्हणून साडेसहात 12 मिळवा, झाले साडेअठरा. आणि हा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, म्हणजे रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत गेटला लागणं सगळं त्यातच.

उत्तर 2:
वरचं बरोबर आहे, पण उरलेला फरक रूट आणि वाऱ्यामुळे पडतो, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, 104 पूर्व आणि 74 पश्चिम, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता जातो थेट उत्तर ध्रुवाजवळून! स्वतः करून बघा, सिंगापूर विषुववृत्ताच्या दीड अंशाहून कमी वर, न्यूयॉर्क साडेचाळीसच्या थोडं वर, दोन्ही मिळून 42, ते 180 मधून वजा केले की 138 अंश, एका अंशाला साधारण 111 किमी, म्हणजे 15,300 च्या वर. नेटवरचा आकडा हाच.

पण विमान याच रेषेवरून जाईल असं नाही. दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा असतो, जेट स्ट्रीम, तो पाठीशी मिळत असेल तर अंतर वाढलं तरी वेळ वाचतो, म्हणून हे विमान बऱ्याचदा पॅसिफिकवरून पूर्वेकडे वळवतात. टोकियो-लॉस एंजेलिस बघा, अंतर तेवढंच पण जाताना साधारण 10 तास आणि येताना साडेअकरा-बाराच्या आसपास, कारण येताना वारा तोंडावर. वारा रोज बदलतो म्हणून रूटही रोज बदलतो, आईंना सांगा समोरच्या स्क्रीनवर मॅप लावून ठेवा, वेळ छान जातो.

उत्तर 3:
गणित झालं, आता आईंचं बघा. आइल सीट घ्या म्हणजे उठताना कोणाला उठवावं लागणार नाही, दर दीड-दोन तासांनी चार पावलं चालायला सांगा, पाय सुजतात, पाणी भरपूर. गोळ्या चालू असतील तर हँडबॅगेतच ठेवा, आणि घड्याळ बघून गोळी घेत असतील तर किती तासांनी घ्यायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, कारण 12 तासांच्या फरकात सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली हा घोळ हमखास होतो.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे, आता आईला नीट समजावता येईल. गोळ्यांचं डोक्यातच नव्हतं. येतानाही असंच उलटं धरायचं ना?

उत्तर 1:
तास जवळपास तेवढेच, पण येताना त्या तासांत आणखी 12 मिळवले की इथली पोचायची वेळ कळते, त्यामुळे रात्री उशिरा निघालेलं विमान परवा पहाटे पोचतं. घ्यायला जाणाऱ्याला तारीख दोनदा सांगून ठेवा.