अमरावतीची शासकीय जागा ठेवावी की नागपूर-पुण्याचा विचार करावा? बहिणीच्या प्रवेशाबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातले. कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर एवढ्यावरच घर चालते. माझ्या धाकट्या बहिणीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळाले असून घरातून अभियांत्रिकीला जाणारी ती पहिलीच असल्याने विचारायला जवळचे कोणी नाही.

कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत तिला अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखा मिळाली आहे. जागा स्वीकारताना आम्ही बेटरमेंटचा, म्हणजे पुढील फेरीत याहून पसंतीची जागा मिळवण्याचा, पर्याय ठेवला, कारण तिची ओढ संगणक शाखेकडे आहे आणि पुढील फेरीत नागपूरच्या एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात ती शाखा मिळण्याची बरीच शक्यता दिसते. मात्र ती मिळाली की अमरावतीची जागा आपोआप जाईल, म्हणून पर्याय भरण्यापूर्वीच निर्णय व्हायला हवा.

तिसरा प्रस्ताव पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचा आहे. त्यांनी शिक्षण शुल्कात निम्मी सूट देऊ केली आहे, पण दुसऱ्या वर्षापासून ती सूट ठरावीक सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी गुणश्रेणी) राखला तरच चालू राहील. आई-बाबांना निम्मी सूट फार मोठी वाटते. मला मात्र उरलेले निम्मे शुल्क, वसतिगृह आणि खानावळ यांची चार वर्षांची बेरीज केल्यावर ती परवडणारी वाटत नाही.

आम्ही इतर मागास प्रवर्गातील असून उत्पन्न आठ लाखांच्या बरेच खाली आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो आणि स्वयंअर्थसहाय्यित (खासगी) विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. म्हणजे पुण्याला गेल्यास शासनाची पूर्ण माफी सोडून विद्यापीठाची निम्मी, तीही अटीची, सूट घ्यावी लागेल. नागपूरला माफी मिळेल, परंतु विकास शुल्क आणि राहण्या-जेवणाचा खर्च आमच्यावरच येईल. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेल्या शासनाच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज मंजूर झाला तर नागपुरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत होऊ शकते, पण निवड होईलच असे धरून चालता येत नाही.

खरी अडचण पैसा हाती येण्याच्या वेळेची आहे. प्रवेशाची रक्कम पावसाळ्यात भरायची आणि कापसाचे पैसे दिवाळीनंतर यायचे. खरिपाचे पीककर्ज तर आधीच उचललेले आहे. माफीची रक्कम महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलमार्फत येते आणि ती वर्षाच्या शेवटी किंवा त्याहूनही उशिरा जमा होते, असे गावातील मुले सांगतात. नागपूरच्या महाविद्यालयाने तोवर पूर्ण शुल्क मागितले, तर सावकाराशिवाय मार्ग उरणार नाही आणि तो मार्ग मला कोणत्याही परिस्थितीत नको आहे.

माझा स्वतःचा कल अमरावतीकडे आहे. शुल्क कमी, एसटीने घरी येता येते आणि विद्युत शाखेला महावितरण, महानिर्मिती यांच्या भरतीचा रस्ताही खुला राहतो. तरीही पैशाच्या हिशेबात तिची आवड दाबली जाऊ नये असे मनापासून वाटते, कारण अभ्यास चार वर्षे तिलाच करायचा आहे. ती स्वतः म्हणते, "दादा, तू ठरव." पण हे मी एकट्याने ठरवणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. ज्यांच्या मुली माफीच्या सवलतीवर विनाअनुदानित महाविद्यालयात शिकत आहेत, त्यांच्याकडून प्रवेशाच्या वेळी नेमकी किती रक्कम घेतली गेली आणि महाविद्यालयाने हप्ते करून दिले का, हे कृपया कळवावे. अमरावतीला पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून मिळते असे ऐकले आहे. तिथे शिकलेल्या कोणाला संगणक शाखा अशी मिळाली का? शासकीय वसतिगृहात पहिल्याच वर्षी मुलींना जागा मिळते का, हेही समजले तर फार मदत होईल. पर्याय भरण्याची मुदत येत्या सोमवारी संपते आहे.